बाळापूरहून विमानतळाला गेलेला फोन

ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. आखाडा बाळापूर ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. हजेरी आटोपून मी अर्जांची फाईल उघडली होती, तेवढ्यात कंट्रोल रूमचा संदेश आला. शेजारच्या जिल्ह्यातल्या विमानतळावर धमकीचा फोन गेला होता. मुंबईचं विमान थांबवलं होतं, प्रवासी खाली उतरवले होते आणि फोन आमच्या हद्दीतल्या एसटीडी बूथवरून झाला होता. फोन करणारा ताबडतोब शोधा, असा हुकूम होता.

ते विमानतळ मी दोन रूपांत पाहिलेलं आहे. नव्वदच्या दशकात, नवा फौजदार असताना, मी तिथं बंदोबस्ताला जायचो. तेव्हा ती एक धावपट्टी आणि दोन खोल्या होत्या. मंत्र्यांचं विमान यायचं असलं की आमचं पहिलं काम म्हणजे पट्टीवरची गुरं हाकलणं. पुढे काही वर्षांनी पट्टी लांब झाली, दिवे बसले, काचेची इमारत उभी राहिली, सामान तपासायचं यंत्र आलं. मुंबईला विमान सुरू झालं, तेव्हा आमच्या हिंगोली जिल्ह्यातलीही माणसं लेकराबाळांसह ते बघायला जायची. कळमनुरीच्या बाजारात उभा माणूस वर बघून सहज म्हणायचा, "मुंबईचं चाललं." अशा नव्या कौतुकाच्या ठिकाणी धमकी म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळे हादरले होते.

बूथ बसथांब्याला लागूनच होता. चालवणारा एका पायानं अधू, पण डोळ्यांनी तल्लख. त्यानं लगेच सांगितलं की सकाळी एक म्हातारा आला होता, डोक्याला टॉवेल, हात सिमेंटनं खाल्लेले, हातात एक झेरॉक्स आणि दवाखान्याची चिठ्ठी. नंबर त्या झेरॉक्सवरूनच लावला. बोलताना रडत होता. काय बोलला ते पूर्ण ऐकू आलं नाही, कारण नेमकी तेव्हाच नांदेडची बस हॉर्न देत दाराशी लागली. "मायचं कायतरी म्हणून राहिला होता," एवढं त्याला आठवलं.

धमकी देणारा माणूस दवाखान्याची चिठ्ठी घेऊन फिरत नाही. मी जीप सरळ सरकारी दवाखान्याकडे वळवली.

म्हातारा तिथंच होता. खाटेवर त्याची बायको होती, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि हा तिचे पाय चोळत बसला होता. माझ्या जमादारानं त्याचा दंड धरला आणि उठ म्हणाला. तो उठला, जय भीम घातला आणि म्हणाला, "येतो साहेब. तेवढी गाडी येऊ द्या, हिला नांदेडला न्यायचंय."

मी जमादाराला हात सोडायला सांगितलं आणि म्हाताऱ्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. चौकशी तिथंच सुरू केली. प्रश्न मी कडकच विचारले, ते कबूल करतो. विमानतळाला फोन केला का? केला. विमान सोडू नका म्हणालास का? म्हणालो. जिवाला धोका आहे म्हणालास का? व्हय, म्हणालो. तिन्ही प्रश्नांना होकार मिळाल्यावर एरवी चौकशी संपते. जमादार तर अटकेच्या तयारीलाच लागला.

पण बूथवाल्याचा तो शब्द माझ्या डोक्यात अडकला होता. मी म्हणालो, "बाबा, फोनवर जसं बोललात तसंच सगळं एकदा बोला. पहिल्यापासून."

त्यानं डोळे मिटले आणि सांगितलं, "साहेब, माझी पोरगी त्या इमानात बसून राहिली. तिच्या मायच्या जिवाला धोका हाय. तिला येवढं सांगा. तवर इमान सोडू नगा."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. तो गवंडी. विमानतळाच्या नव्या इमारतीच्या भिंतींवर त्यानं दोन उन्हाळे काम केलं होतं. पोरगी नर्सिंग शिकली आणि तिला आखातातल्या दवाखान्यात नोकरी लागली. दोन वर्षांचा करार. सकाळी ती मुंबईचं विमान गाठायला गावच्या जीपनं निघाली आणि तासाभरात आईच्या छातीत कळ आली. पोरीजवळ मोबाईल नव्हता. तिकिटाच्या झेरॉक्सवर एजंटानं विमानतळाचा नंबर लिहून दिला होता, तोच त्यानं लावला.

तरी मी पोलीस. रचून सांगितलेल्या गोष्टीही पाठ असतात. मी डॉक्टरांना विचारलं. बाईंची अवस्था खरोखर नाजूक होती, आणि आणल्याची वेळ जुळत होती. मग दवाखान्याच्या फोनवरून विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना गाठलं. फोन घेणाऱ्या मुलीला बोलावून घेतलं. ती म्हणाली, फार आवाज होता, सुरुवातीचं काहीच कळलं नाही, 'जिवाला धोका' आणि 'विमान सोडू नका' एवढंच कानावर पडलं. तिनं तेवढंच लिहून वर कळवलं. तिनं केलं ते बरोबरच होतं.

मी अधिकाऱ्यांना म्हणालो, "साहेब, धोका विमानाला नाही. तुमच्या प्रवाशांत एक नर्स मुलगी आहे. तिला तेवढी मोकळी करा."

त्यांनी तपासणी पूर्ण केली, ती करायलाच हवी होती, पण मुलीला आधी सोडलं आणि आपल्या जीपमधून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचवलं. इकडून गाडी आईला घेऊन निघाली. म्हाताऱ्याला मी मागच्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसवलं.  वाटेत तो म्हणाला, "खरं सांगू साहेब? इमान थांबलं म्हणल्यावर मला बरं वाटलं. येवढ्या लोकाईला तकलीफ झाली अन् मला बरं वाटलं. हे पाप हाय का?"

 मी ड्रायव्हरला जरा जोरात घे म्हणालो.

वरून गुन्हा दाखल करण्याचा आग्रह दोन दिवस होता. मी बूथवाला, डॉक्टर, फोन घेणारी मुलगी, सगळ्यांचे जबाब नोंदवले आणि अहवालात लिहिलं की धमकीचा उद्देश आढळून येत नाही. वरिष्ठांनी बोलावून एवढंच विचारलं, "खात्री आहे?" मी आहे म्हणालो. त्यांनी सही केली.

आई तिसऱ्या दिवशी गेली. फाईलीत मुलीचा जबाब तेवढा राहिला होता, तो घ्यायला आठवडाभरानं मी त्यांच्या गावी गेलो. दोन खोल्यांचं घर, बाहेर बसलेल्या बायका. तिची नोकरी आखातातल्या दवाखान्यानं महिनाभर राखून ठेवली होती. जबाब लिहून झाल्यावर मी विचारलं, आई काही बोलल्या का?

अहवाल लिहिण्याआधी माणसाची पूर्ण ओळ ऐकावी, मधलेच दोन शब्द उचलू नयेत, हे मी त्या प्रकरणातून शिकलो आणि पुढे नव्या फौजदारांना सांगत आलो. पण मला जास्त आठवतं ते त्या मुलीचं उत्तर. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि थोडं हसून म्हणाली, "बोलली ना. मला बघितलं अन् रागवली. म्हणे, काहून आलीस गं? तुझं इमान चुकलं असंल न्हाई का? मग माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला न्हाई."