प्रश्न विचारला, ओवी मागितली

त्यांनी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली, माइक माझ्या तोंडापाशी आणला आणि म्हणाले, "आता एक ओवी होऊन जाऊ द्या."

मी प्रश्न विचारला होता.

परभणीत माझ्या लेकीच्या कॉलेजात अर्थसंकल्पावर चर्चा होती. पालकांनाही बोलावलं होतं. मंचावर एक निवृत्त प्राध्यापक, मोठ्या घराण्यातले. शेजारी विद्यार्थी प्रतिनिधी, कडक इस्त्रीचं जाकीट घातलेला. बराच वेळ दोघांचं एकच चाललं होतं. सरकारनं अजून खर्च करावा, त्यासाठी कर वाढवावा, कमी पडलं तर कर्ज काढावं. शेवटी सरांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का? मी हात वर केला.

माझं पिंगळी रस्त्याला पाइप-फिटिंगचं दुकान आहे. पक्कं बिल देतो, कर वेळेत भरतो. आम्ही मूळचे पेडगावकडचे मेंढरंवाले. हे मी उभा राहिल्यावर सांगितलं, कारण पुढचं बोलणं त्यातूनच येत होतं.

म्हणालो, "घरात आमी आधी मिळकत बघतो, मग खर्च ठरवतो. सरकार आधी खर्च ठरवायलंय आणि मग आमच्याकडं बघायलंय. तरी कमी पडलं की नोटा छापतंय, मग नोटेचं मोल उतरतं. तो पण करच हाय सर, फक्त त्याची पावती मिळत न्हाई."

बापाचंही सांगितलं. तो शेतकऱ्याच्या वावरात रात्री मेंढरं बसवायचा. लेंडीखत पडायचं, त्याचा मोबदला मिळायचा. शेतकरी नोटा पुढं करायचा, बाप ज्वारी मागायचा. नोट पेटीत ठेवली की बारीक होते, असं त्याचं म्हणणं. ज्वारीलाही कीड लागते, हे मला माहीत आहे. पण ती कीड दिसते.

मग शेवटचं विचारलं. "इथं फीमधी विद्यार्थी निधी सक्तीनं घेता. त्यातून बॅनर लागतात, सत्कार होतात. ज्या पोराला तुमचं राजकारण नको, त्यानं तो का भरायचा?"

सर हसले. सावकाश, आवाज न करता. "मेंढरांमागून थेट चलनाच्या धोरणावर. वा."

हॉल हसला. मीही हसलो. का हसलो, ते आजही कळत नाही.

"शिकलात कुठं?"

"सरकारी वसतिगृहात राहून, सर."

"म्हणजे लोकांच्या करावर. आणि आता तुम्हालाच कर नको. अहो, ही भाषा तुमची नाही. कुणीतरी तुमच्या तोंडात घातलीय."

माझ्याकडं उत्तर होतं. कर नको, असं मी म्हणालोच नव्हतो. कमी असावा आणि कशावर गेला ते विचारता यावं, एवढंच. त्या वसतिगृहाची भाकर मी खाल्ली आहे. म्हणूनच भाकरीचा पैसा बॅनरवर गेलेला मला बघवत नाही. हे सगळं जिभेवर होतं. तेवढ्यात प्रतिनिधीनं कुणाच्या तरी सत्कारासाठी आणलेली घोंगडी सरांच्या हातात दिली. सरांनी मला मंचावर बोलावलं.

आमच्यात ओवी मागितली तर नाही म्हणत नाहीत. ती देवाची. मागणारा कोण, का मागतोय, बघायचं नसतं. बाप अंगात ताप असताना गायलेला मी पाहिलाय. सरांना हे माहीत असण्याचं कारण नाही. त्यांना फक्त गाणं हवं होतं.

हात आपोआप कानावर गेला. मी गायलो.

मोबाइल वर झाले. सर मांडीवर ताल धरत होते, तोही चुकीचा. संपल्यावर टाळ्या. प्रश्न तिथंच पडला होता, कुणी उचलला नाही. उतरताना मी हात जोडून म्हणालो, "आभारी आहे."

घरी लेकीचं ताट तसंच. मी म्हणालो, "माझ्या बोलण्याची लाज वाटली का?"

"तुमी प्रश्न विचारला तवा मी मैत्रिणीला सांगायलते, हे माझे पप्पा हायत." मग ताटाकडं बघत म्हणाली, "मग तुमी गायलात."

पुढच्या आठवड्यात तो प्रतिनिधी दुकानात आला. घोळक्यासकट.

"काका, तुमचा व्हिडिओ लय चालला. गॅदरिंगला या. ढोलवाले सांगितलेत. आपल्या मातीतलं काहीतरी होऊ द्या. मानधन पण देऊ."

"कशातून?"

"निधी असतो ना आपला."

"कोणाचा?"

"पोरांचा. विद्यार्थी निधी."

म्हणजे माझ्या लेकीच्या फीतून. ज्याबद्दल मी विचारलं होतं, त्याच पैशानं मला गप्प बसवायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या.

"त्या प्रश्नाचं काय झालं?" मी विचारलं.

"कोणता प्रश्न, काका?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मागचे दोघे मोबाइलमध्ये माझीच ओवी बघत होते.

"मी गाणार न्हाई."

"अहो, एवढं काय? देवाचंच म्हणायचंय."

"देवाचं हाय म्हणूनच न्हाई."

आमच्या घरात ओवीला नाही म्हणणारा मी पहिला. बाप असता तर त्याला काय वाटलं असतं, माहीत नाही. पोरं गेल्यावर मी बराच वेळ पाइपाचे कोपर आणि टी वेगळे करत बसलो. आधीच वेगळे होते ते.

रात्री लेकीला म्हणालो, "गॅदरिंगला येणार हाय मी."

"नका येऊ, पप्पा. परत हसतील."

"हसू दे. तू लांब बस. ओळख दाखवू नको."

ती ताटं उचलायला लागली.

जाणार आहे. पुढच्या रांगेत बसणार. घोंगडी पुढं केली तर हातानं बाजूला सारणार. यावेळी हसणार नाही, हात जोडणार नाही. प्रश्न तोच विचारणार, त्याच शब्दांत. उत्तर माझ्या विरोधात गेलं तरी ऐकून घेईन. पण उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.