तळघरातली राखण

स्टॉकहोममधली तिसऱ्या मजल्यावरची खोली मला देताना मालकाने एकच अट घातली होती. इमारतीतून एक जरी लेखी तक्रार आली, तर महिन्याभरात खोली सोडायची. तो स्वतः नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेला होता. मला नोकरी लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि या शहरात भाड्याची दुसरी खोली मिळणं किती अवघड आहे, हे ऑफिसातले सगळे हसत हसत सांगत होते. त्यामुळे मी जिनासुद्धा पाय न वाजवता चढायचे.

मला तसंही फारसं बोलायला जमत नाही. बारामतीच्या इंग्रजी शाळेत मी दहा वर्षं मागच्या बाकावर गप्प बसून काढली, कारण आम्ही घरी, सणसर गावात बोलतो तसं एखादं वाक्य तोंडून गेलं की मुली हसायच्या. इथे कुणी हसत नव्हतं, पण सवय सुटली नव्हती. विचारायचं नाही, बघून शिकायचं.

इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली होती. बाहेर भिंतीवर एक फळा, त्यावर वार आणि वेळांचे खाने, आणि प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप. आपलं कुलूप हव्या त्या खान्यात अडकवलं की ते तीन तास आपले. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या उसाला कालव्याचं पाणी असंच पाळीने येतं. पाटकरी वेळ ठरवून देतो आणि आपली वेळ व्हायच्या आधीच घरातलं कुणीतरी शेताला पाणी आणणाऱ्या चारीवर जाऊन बसतं. वरचा शेतकरी त्याच्या शेताकडे जाणारं पाणी वेळेवर तोडेल, यावर आमच्याकडे कुणाचाच विश्वास नसतो. पप्पा तर सख्ख्या भावाच्या पाळीतही जाऊन बसतात.

मी रविवारी दहा ते एक ही वेळ घेतली. पहिल्याच रविवारी आत गेले तर गरम हवेने कपडे वाळवायचं कपाट चालू होतं आणि त्यात कुणाच्या तरी चादरी लटकत होत्या. दहा वाजून वीस मिनिटांनी तळमजल्यावरची म्हातारी बाई आली, माझ्याकडे न बघता चादरी काढून घेऊन गेली. पुढच्या रविवारीही तेच. फळ्यावर बघितलं, तर माझ्या आधीची सात ते दहाची पाळी तिचीच होती. मी कपाटाचे, चादरींचे आणि फळ्याचे फोटो काढून ठेवले.

पप्पांना फोन केला.

"नवीन माणूस बघून रेटत्यात," ते म्हणाले. "आज ईस मिन्टं, उद्या तास. तू काय बोलू नगंस. नुसती जाऊन बस तितं."

"बसून काय करू?"

"काय न्हाय. आपलं माणूस बसलंय, एवढं दिसलं पायजे."

म्हणून पुढच्या रविवारी मी नऊलाच खाली गेले आणि टोपली मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. म्हातारी काहीतरी बोलली, बहुतेक नमस्कारासारखं. मी मान हलवली. मशीनच्या काचेतून तिचे कपडे गरगर फिरताना दिसत होते. मी कधी त्यांच्याकडे, कधी घड्याळाकडे बघत होते. तिने माझ्याकडे पाठ केली आणि ओले कपडे टॉवेलखाली झाकून बाहेर काढले. बरोबर दहाला ती दमट चादरी पिशवीत कोंबून निघून गेली. मी मेसेज करून कळवलं, तर पप्पांनी अंगठा पाठवला.

असे तीन रविवार बसले. त्यानंतरच्या गुरुवारी फळ्यावर हाताने लिहिलेला एक कागद दिसला. फोनवर भाषांतर करून बघितलं. तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू दुसऱ्यांच्या वेळेत येऊन टक लावून बघत बसते, हे आता सहन होत नाही, सोमवारी मी इमारतीच्या समितीला लेखी कळवणार आहे.

शेजारीच छापील नियम होते. त्यांचा फोटो मी पहिल्या दिवशीच काढला होता, पण वेळांच्या पुढे वाचलंच नव्हतं. आता वाचलं. चौथा नियम असा होता की पाळी संपल्यावर एक तास वाळवायचं कपाट वापरता येतं.

घरी सांगितलं तेव्हा आईने पप्पांच्या हातातून फोन काढून घेतला.

"नऊपासनं बसतीस? अगं, तिची आतली कापडं असत्याल मशीनीत. बाईमाणसाची कापडं अशी बघत बसत्यात व्हय?"

मागून पप्पा म्हणाले, "मला काय म्हाईत. मला वाटलं पाण्यावानीच आसंल."

"तुमी गप बसा. पोरीला तितं चारीवर बसवली." मग मला म्हणाली, "जा आन् चुकलं म्हण. आत्ताच जा."

जिन्यात मी वाक्य पाच-सहा वेळा घोकलं. म्हातारीची बेल वाजवल्यावर दारातलं भिंग आधी काळं झालं आणि बराच वेळ काळंच राहिलं. मग साखळी न काढता दार बोटभर उघडलं. मी इंग्रजीत म्हटलं, "नियम मी आज वाचला. मला वाटलं, तुम्ही माझी वेळ घेताय. चूक माझी आहे."

तिने विचारलं, "तुला त्याने बसवलं नव्हतं?"

"कुणी?"

"तुझ्या मालकाने. त्याचं माझं त्या कपाटावरून वाजलंय. मला वाटलं, माझ्यावर नजर ठेवायला त्याने तुला आणलंय."

मी नाही म्हटलं. ती आत जाऊन एक वही घेऊन आली आणि फटीतून मला दाखवली. तिन्ही रविवारच्या तारखांपुढे माझी खाली येण्याची वेळ लिहिलेली होती, मिनिटासकट. मला माझ्या फोनमधले फोटो आठवले. मी फोन खिशातून काढला नाही.

"दहाला ये," ती म्हणाली. "नऊला नाही. मग मी लिहिणार नाही."

नंतर साखळी काढून ती माझ्याबरोबर तळघरात आली, फळ्यावरचा कागद काढला, त्याची घडी घातली आणि स्वेटरच्या खिशात ठेवली.

"फाडला का तिनं?" पप्पांनी फोनवर विचारलं.

"नाही. खिशात ठेवला."

ते म्हणाले, "म्हंजी आजून तिच्याकडंच हाय."

तेव्हापासून मी रविवारी दहाला एक मिनिट कमी असताना जिना उतरते. कपाटात तिच्या चादरी असल्या तर मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते. माझी पाळी एकला संपते. नियमाप्रमाणे मला दोनपर्यंत कपडे वाळवता येतात. पण एकला पाच मिनिटं कमी असतानाच मी कपाट रिकामं करते आणि ओल्या जीन्स वर नेऊन खुर्चीवर पसरते.