काट्यावरचं बोट

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानात जायचं, काट्यावर खात्रीचं वजन ठेवायचं, काटा किती खोटं बोलतो ते बघायचं आणि त्याला ताळ्यावर आणायचं. तेहतीस वर्षं हे केलेला नवरा बायकोच्या वाट्याला आला हे तिचं दुर्दैवच, कारण तिचं सगळं काम माणसाच्या हातावर चालतं.

गल्लीत तिला ‘हातवाल्या काकू’ म्हणतात. आलेल्या माणसाने एक हात खांद्याइतका वर, सरळ पुढे धरायचा. ही एखादं वाक्य बोलते आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून खाली दाबते. हात ताठ राहिला तर ‘हो’, खाली गेला तर ‘नाही’. कोणतं औषध सोसेल, कोणतं खाणं बाधतंय, जुनं दुःख पोटात अडकलंय की पाठीत, सगळं हाताला विचारायचं. “शरीर खोटं बोलत नाही,” असं ती प्रत्येकाला सांगते. “काटाही आपणहून खोटं बोलत नाही, पण त्याच्यावर बोट कुणाचं आहे ते बघावं लागतं,” असं मी एकदा बोलून गेलो. पुढे दोन दिवस आमच्या घरात अबोला होता.

तरी एक कबूल करतो. तिच्यात काहीतरी आहे. एकोणीस वर्षं ती इस्पितळात व्यायामाच्या खोलीत मदतनीस होती. पाठीवर तळवा ठेवला की कुठे दुखतंय हे रुग्णाच्या आधी हिला कळायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणायच्या, “तुम्ही जरा हात लावून बघा हो.” आमची मुलगी जिन्यावरून पडली तेव्हा मी म्हणालो मुरगळलंय, ही म्हणाली मोडलंय. मोडलेलंच होतं. कसं कळलं विचारलं तर म्हणायची, आतून कळतं. मग निवृत्तीनंतर ती एका तीन दिवसांच्या शिबिराला गेली आणि ही हात दाबायची विद्या घेऊन आली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. आतून कळायचं ते मागे पडलं. आता बाईसाहेब साबणसुद्धा विचारल्याशिवाय घेत नाहीत. स्वतःपुरतं विचारायचं तर अंगठा आणि बोट जुळवून कडी करायची आणि दुसऱ्या हाताने ती उघडते का बघायचं. मी दुकानदारासमोर मान खाली घालून उभा राहतो.

इथवर सगळं चेष्टेवारी चाललं होतं. मग तिच्या छातीत गाठ लागली.

हे मला तिने पाच आठवड्यांनी सांगितलं. पाच आठवडे ती कडी करून विचारत होती. सकाळी ‘काही नाही’ आलं की दुपारी ‘आहे’ यायचं. मी म्हणालो, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे. तर म्हणे, कसं जाऊ? आठवड्यातून तीन दिवस बाहेरच्या बाकावर माणसं बसतात. त्यांच्यासमोर शरीराला सगळं कळतं म्हणून सांगायचं आणि आपलं कळलं नाही म्हणून इस्पितळात रांग लावायची? आणि शेजारच्या शिक्षिकाबाई? त्यांचा हात रक्तदाबाच्या गोळीला खाली गेला, म्हणून दीड महिना त्यांनी गोळी घेतलेली नाही. त्यांना काय सांगायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. मला राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती.

मंगळवारी सकाळी बाहेर तिघं येऊन बसली होती, त्यांत शिक्षिकाबाईही होत्या. तिने मला आतल्या खोलीत बोलावून दार लोटलं आणि हात पुढे केला.

“तुम्ही दाबा. माझं मला जमत नाही.”

“मी? मी नटबोल्ट पिळणारा माणूस.”

“म्हणूनच. तुमचा विश्वास नाही, तर तुम्ही लबाडी करणार नाही.”

मग ती भिंतीकडे बघत स्पष्ट म्हणाली, “मला डॉक्टरकडे जायची गरज आहे.”

मी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मनगट बारीक झालं होतं, ते मला तेव्हा कळलं. आयुष्यात कधी काट्याला खोटं बोलू दिलं नाही मी. पण त्या सकाळी धुळीवर ठेवावीत तशी बोटं ठेवली. हात ताठ राहिला.

“दाबलंच नाही तुम्ही,” ती म्हणाली.

“दाबलं.”

“मला कळतं हो. मी रोज तेच करते.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती पलंगावर बसली.

“ठरवून नाही करत. पण बोटांना आधीच ठाऊक असतं मला काय हवंय. बाईंना ती गोळी नकोशी झाली होती. येऊन बसल्या तेव्हाच मला कळलं. त्यांना बरं वाटावं म्हणून माझी बोटं जड झाली. आतून मला वाटत होतं, ही गोळी सोडू नये. मी आतलं ऐकलं नाही, हाताचं ऐकलं. आणि दाबणारा हात माझाच होता.”

“आणि गाठीचं आतून काय वाटतं?”

“ते पहिल्याच दिवशी वाटलं होतं.”

ती उठली, तोंड धुतलं आणि बाहेर गेली. मी दारात उभा राहिलो. तिने शिक्षिकाबाईंना समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, “बाई, माझं चुकलं. आजपासून गोळी सुरू करा. आणि आजच्या आज रक्तदाब मोजून घ्या.”

बाई हसल्या. “अहो काकू, माझ्या हातानेच ‘नाही’ म्हणून सांगितलं ना? आज तुमचं चित्त ठिकाणावर दिसत नाही. उद्या येते मी.”

“चित्त ठिकाणावर आहे. मी सांगतेय, हात नाही.”

“तुमचं ऐकायचं तर डॉक्टरचंच नसतं का ऐकलं?” बाईंनी पिशवी उचलली.

चाळीस वर्षांत एवढी अडकलेली मी तिला पाहिली नव्हती. मग तिने बाईंना खाली बसवलं, त्यांच्या पिशवीत तशीच पडून असलेली गोळ्यांची पट्टी काढून त्यांच्या डाव्या मुठीत दिली आणि उजवा हात पुढे धरायला सांगितला. “ही गोळी मला हवी आहे,” असं बाईंकडून म्हणवून घेतलं आणि मनगटावर बोटं ठेवली. कशी ठेवली ते मला इतक्या लांबूनही दिसलं. हात ताठ राहिला.

“बघा,” बाई खूश झाल्या. “बदललं! आता घेते. उद्या बहिणीला आणते, तिच्याही गोळ्या विचारायच्या आहेत.”

ही आत आली, इस्पितळाचा जुना केसपेपर पिशवीत घातला आणि म्हणाली, “चला.” बाकावर दोघं उरले होते. त्यांतला शिंपी उठून उभा राहिला.

“काकू, कुठे निघालात?”

“इस्पितळात. गाठ दाखवायला.”

त्याचा चेहरा उतरला. “हाताला विचारलंत का?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी चपलांकडे बघत राहिलो.

“विचारलं,” ती म्हणाली. “हो म्हणाला.”

“मग बरोबरच असणार,” शिंपी म्हणाला आणि आम्ही परत येईपर्यंत थांबतो म्हणून पुन्हा बाकावर बसला.