बत्तीसाचं जोतं

तापाचं भाषांतर करणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणत असू. मुंबईत एका परदेशी डॉक्टरकडे उमेदीची वर्षं काढून ते मुरबाडला परतले, तेव्हा महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. निरोपाची भेट म्हणून मिळालेला सेंटिग्रेडचा थर्मामीटर तेवढा सोबत होता. गावचे डॉक्टर पडले फॅरनहाइटवाले. त्यामुळे काकांच्या तोंडी अष्टौप्रहर एकच मंत्र: दुप्पट करा, त्यातला दहावा हिस्सा काढा, वर बत्तीस मिळवा. "बत्तीस म्हणजे जोतं," ते समजावत, "आणि वरच्या पायऱ्या सगळ्या सारख्या. डोळे मिटून चढा." मावशीने चहा ठेवताना 'गरम आहे' म्हटलं, की किती आणि कुठल्या मापात हे ठरल्याशिवाय बशी ओठाला लागत नसे. ताप बघायला आलेल्या माणसाकडून आधी हिशेब पाठ करून घेत. करवंदं विकणारी वाडीवरची एक बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन शेवटी वैतागली, "आकडा ऱ्हाऊ दे तुमच्याजवल. पोर बरा व्हईल का त्यवढं सांगा." काकांनी औषध आणून दिलं, पण हिशेब शिकवूनच तिला सोडलं.

मग मला विषमज्वर झाला. माझा थोरला भाऊ एकशेचार तापात गेला होता, तेव्हापासून आईला त्या आकड्याची धास्ती. माझ्या उशाशी ती अन्नपाण्यावाचून बसलेली. काकांनी थर्मामीटर उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "चाळीस." बस्स, पुढे काही नाही. आई उठली, अर्धी भाकर खाल्ली. काका चपला न घालता डॉक्टरांकडे पळाले. ताप सदतीसावर उतरला, त्या दिवशी मात्र 'अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा' त्यांनी आळीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं.

"ते चाळीस म्हणजे एकशेचारच होते, हे तुझ्या आईला कळू देऊ नकोस हो," एवढंच त्यांनी म्हातारपणी मला बजावलं होतं. ते गेल्यावर न राहवून मी आईला सांगितलं.

आई म्हणाली, "जन्मात पयल्यांदा भावजींनी आकडा बदलून सांगितला नाय, तवाच वलखलं गो. पन मी जेवले नसते, तर ते आपल्याला सोडून डॉक्टरकडं गेले असते का?"

त्या दोघांचे उपकार कसे फेडायचे, मला अजून कळलेलं नाही. घरात कुणी तापलं, की मी आधी बत्तीस मिळवते आणि मग औषधाला हात लावते.