गंगासागरच्या घरातली लढाई

पाटोद्याच्या बाजारगल्लीत वैजिनाथ अप्पांचं किराणा दुकान होतं, मागं घर. ब्याण्णव साली त्यांनी रंगीत टीव्ही घेतला, गल्लीतला पहिलाच. रविवारी सकाळी जादूच्या राज्याची मालिका लागली की अर्धी गल्ली त्यांच्या घरात.

"गिऱ्हाईक हायेत, न्हाई कसं म्हणायचं?" अप्पा म्हणत. पण सतरंज्या अंथरणं, पाणी देणं, म्हाताऱ्यांना चहा करणं आणि सगळे गेल्यावर शेंगांची टरफलं झाडणं हे त्यांच्या बायकोकडं, गंगासागरकडं. आठवडाभर दुकानाची धान्यं निवडायची आणि सुटीचा दिवस असा जायचा.

मोठ्या लढाईचा रविवार आला. कित्येक आठवडे मालिकेत नुसती तयारीच चालली होती. आज सेनापती अग्निकेत काळ्या किल्ल्यावर चालून जाणार होता. कुणाचे तरी चकलांब्याचे पाहुणे त्यासाठी मुक्काम वाढवून थांबले होते. खिडकीतसुद्धा माणसं होती.

लढाई सुरू झाली आणि पडद्यावर धूरच धूर. तलवारी खणखणल्या, घोडे धावले, दिसेना काहीच. धूर विरला तेव्हा अग्निकेत बाण लागून पडलेला. लगेच नावं सरकू लागली.

"ही काय लढाई बे?" हनुमान शिंपी ओरडला. "तेच चार घोडे इकडून तिकडं पळविले!"

"गप बे!" बद्रीनाथ पानवाल्याचे डोळे भरले होते. "फितुरीनं मारलं त्याला. बाण पाठीत लागलाय."

"पाठीत? छातीत लागलाय. धुरात तुला काय दिसलं?"

बद्रीनाथनं त्याची कॉलर धरली. ढकलाढकलीत चहाची कपबशी सतरंजीवर लवंडली.

"वैनीला इचारा," कुणीतरी म्हणालं. "वैनी, बाण कुटं लागला?"

गंगासागर फडकं घेऊन चहा टिपत होती. "मी बगितलंच न्हाई."

"आजचा भाग?"

"एक बी न्हाई. तुमच्या चहापाण्यात कवा बगू?"

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. बद्रीनाथनं कॉलर सोडली. माणसं मुकाट्यानं चपला शोधू लागली.

शेजारच्या वच्छलाबाई तेवढ्या मागं राहिल्या आणि कपबश्या विसळायला बसल्या. "टेक जरा पोरी. तुला सांगते लढाई."

गंगासागर भिंतीला टेकली. सेनापती खंदकापाशी पोचेपर्यंत तिचा डोळा लागला होता. ते ध्यानात आल्यावर वच्छलाबाई गप्प झाल्या, आवाज न करता एकेक कप पालथा घालत राहिल्या.

दुपारी जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "ऐकताव का? टीव्ही दुकानात न्या. लोकं ओट्यावर बसतील."

"उनात? लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. माज्यानं न्हाई व्हायचं आता."

अप्पांनी मान वर केली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. कधीपासून, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी टीव्ही दुकानात गेला. उन्हानं चित्र फिकं दिसायचं, लोक कुरकुरले, नव्या सेनापतीवरून भांडलेही. गंगासागरनं आतून कडी लावली आणि आडवी झाली. भाकरीची वेळ टळून गेली तरी ती उठली नाही. अप्पा दाराशी दोनदा येऊन गेले, पण कडी वाजवली नाही. मग गल्ल्यावर बसून त्यांनी मूठभर फुटाणे खाल्ले.