मॉडेलमध्ये नसलेला प्रश्न

कुणी भुताखेतांचं काढलं की चहा ठेवायला उठणारी मी. माझं काम कोडिंगचं. तिथे प्रत्येक चूक शोधली की सापडते, आणि बहुतेक वेळा ती माझीच निघते. तरीही हे लिहितेय, कारण सांगायला इथे दुसरं कुणी नाही.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे. आई गेल्यावर मी पुण्याच्या कंपनीकडून घरून काम मागून घेतलं आणि बाबांजवळ राहायला आले. जवळ म्हणजे काय... बाबा दिवसभर कपाशीत, मी दिवसभर लॅपटॉपसमोर. जेवताना 'भाजी वाढू?' एवढंच बोलणं. फार एकटं वाटायचं.

कंपनीसाठी मी जावास्क्रिप्टवर चालणारी, प्रोग्रामिंगची एक छोटी भाषा बनवत होते. कुठली माहिती साठवायची, ती आकडा की मजकूर, सक्तीची की नाही, एवढं त्या भाषेत लिहिलं की मोबाईलवरचा फॉर्म आपोआप तयार. तपासायला मी फवारणीचं मॉडेल, म्हणजे नोंदीचा आराखडा, लिहिलं : तारीख, शेत, औषध, पंप किती. बस्स. वापरून पाहायला गिऱ्हाईक एकच — बाबा. कपाशीचं बीटी बियाणं लावलं की फवारे कमी होतील, असं ते विकणारे म्हणत होते, पण गुलाबी बोंडअळीने ते कधीच खोटं पाडलंय. बाबांच्या पाठीवरचा पंप काही उतरत नव्हता.

त्या दिवशी भर दुपारी शेतातून त्यांचा फोन आला.

"बाई, तुहं हे पुढं जाऊन नाई राह्यलं. इचारते, सोबत कोन हाये?"

"असा प्रश्नच नाही त्यात, बाबा."

"मंग मी काय मनानं वाचून राह्यलो? लाल अक्षरात हाये. 'कोनी नाई' लिहिलं तं घेत नाई."

मी फाईल उघडली. मी लिहिलेल्या ओळी तेवढ्याच. 'सोबत' हा शब्द अख्ख्या कोडमध्ये नाही!

"लिहा काहीही, आणि सेव्ह करा."

"खोटं काऊन लिहू? कोनी नाई तं... नाई..."

त्यांची जीभ जड झाल्यासारखी वाटली. मी म्हटलं, थांबा तिथेच, मोबाईल बघायला येते. खरं सांगते, काळजीपोटी नाही — कोडमधल्या त्या बगच्या रागाने मी स्कूटर काढली.

बाबा बांधाला टेकून बसले होते. पंप पाठीवरच, शर्ट औषधाने भिजलेला, तोंडातून लाळ. मी रस्त्यावर धावले, एका मालवाहू रिक्षाला आडवी गेले आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. फवारणीची विषबाधा. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर मी त्यांचा मोबाईल पाहिला. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता. कोडच्या जुन्या आवृत्त्या चाळल्या, तिथेही नव्हता. भाषा माझी, मॉडेल माझं, हात लावणारी मी एकटी... न लिहिलेला प्रश्न स्क्रीनवर आला कुठून, मला आजही कळलेलं नाही.

 शुद्धीवर आल्यावर बाबा माझा हात धरून म्हणाले,

"बरं केलं माय, तू इचारलं. तुही आई गेल्यापासून हे मले कोनी इचारलंच नाई."

मी 'हो' म्हणाले. ते मी विचारलं नव्हतं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.