रांगोळीचा नकाशा

रुचिरा नेमकं शिकते काय, हे तिच्या घरच्यांना कधीच धड सांगता आलं नाही. नवीन पनवेलच्या सोसायटीत कुणी विचारलं, तर आई ‘पर्यावरणाचं काहीतरी’ म्हणून मोकळी व्हायची. जमीन आणि पाणी माणसं मिळून कशी सांभाळतात, यावर पोरगी पीएच.डी. करत होती. मिळून सांभाळणारी माणसं शोधायला तिला पनवेलात बरेच हेलपाटे घालावे लागले, हे सांगायला नकोच.

शेवटी खाडीकाठचं एक गाव सापडलं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे मातीचा जुना बांध होता. उधाणाला तो फुटला, म्हणजे त्याला खांड गेली, की म्हातारा तुळशीराम गल्लोगल्ली हाळी द्यायचा आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा. शेत कुणाचं, हे कुणी विचारत नसे. रुचिरा हरखून गेली. बांधालगत सखूबाईचं भातशेत होतं. ती रुचिराला तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ घालायची, ‘बाय’ म्हणायची.

लोकांकडूनच गावाचा नकाशा काढून घ्यावा, असं रुचिराला शिकवलेलं. तिने देवळासमोर सगळ्यांना जमवून रांगोळीने बांध काढायला लावला. मग हौसेने म्हणाली, ज्यांच्या शेताला आज या बांधाचा उपयोग आहे, त्यांनी रांगोळीवर आपल्या शेताच्या जागी आंब्याचं पान ठेवा.

सखूबाईने पान ठेवलं. बाकी कुणी हललं नाही. बाकीच्यांची शेतं कधीच विकली गेली होती, त्यांवर भराव पडून इमारतींचे पाये खणले जात होते. हे प्रत्येकाला आपापल्यापुरतं माहीत होतं; सगळं एकत्र कुणी पाहिलं नव्हतं.

“म्हंजे आमी सगले म्हातारीचं एकटीचं शेत राखतो?” जमिनीची दलाली करणारा परेश म्हणाला. सगळे हसले. सखूबाईही हसली. रुचिराने फोटो काढला.

भाद्रपदातल्या उधाणाला खांड गेली. तुळशीरामने हाळी दिली, मग रुचिराला फोन केला. ती पोचली तेव्हा बांधावर तो आणि सखूबाई दोघंच माती ओढत होती. रुचिरा दारोदार फिरली, हात जोडले. लोकांनी तिला बसवलं, चहा दिला. परेशच्या आईने तर पाठीवरून हात फिरवला.

“तुमच्याच नकाशात दिसला ना, ताई,” ती म्हणाली. “आमचं तिथं काय हाय आता?”

रुचिराने चहाचा कप खाली ठेवला. ती बांधावर परतली आणि दोघांसोबत घमेली उचलू लागली, पण तिघांच्या मातीने उधाण थोडंच अडतं? पोटरीला आलेल्या भातात खारं पाणी शिरलं. तिला रडू कोसळलं. सखूबाईने तिचे चिखलाचे हात पदराने पुसले.

“तुजा काय दोस नाय, बाय. पन आधी कुनी इचारला नवता.”

त्या शब्दांनी रुचिराला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या सुमारास परेशने ते शेतही विकत घेतलं. तुळशीराम आता हाळी देत नाही. रुचिराने तो फोटो प्रबंधातून काढायचा म्हटलं, तर मार्गदर्शक बाई म्हणाल्या, इतका बोलका पुरावा कुणी काढतं का?

फोटो राहिला. त्यात एकच हिरवं पान आहे, आणि ते नीट बसावं म्हणून वाकून दाबणारा सखूबाईचा हात.